गर्दचा जास्त डोस : सोबत्याला शिकवा, जीव वाचेल

गर्द, अफू, मॉर्फिन यांचा डोस जास्त झाला की मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. श्वास संथ होत होत थांबतो. माणूस बहुधा तत्क्षणी दगावत नाही. मध्ये काही मिनिटे, कधी तासही जातात. तेवढ्या वेळात त्याला वाचवता येते. पण तेव्हा जवळ डॉक्टर नसतो, असतो तो त्याच व्यसनातला सोबती. म्हणून त्यालाच उपचार शिकवावेत, हा विचार पुढे आला. शिकागोमध्ये १९९६ पासून नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध व्यसनी लोकांच्या हाती देण्यात येऊ लागले. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तशी शिफारस केली.

अशा सोबत्यांच्या प्रशिक्षणात मी शिकवतो. पहिला धडा प्रतिबंधाचा. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्याला धोका सर्वांत अधिक असतो. शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचा नेहमीचा डोसच जीवघेणा ठरतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यास धोका आणखी वाढतो.

दुसरा धडा लक्षणांचा. हाका मारून, छातीचे मधले हाड जोराने चोळूनही जाग येत नाही. ओठ व नखे निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घशात घरघर होते. ‘घोरतोय, झोपू द्या,’ असे म्हणणे जिवावर बेतते.

तिसरा धडा कृतीचा. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. नॅलोक्सोन जवळ असल्यास शिकलेल्या व्यक्तीने दंडात किंवा मांडीत टोचावे. दोन-तीन मिनिटांत श्वास न सुधारल्यास पुन्हा द्यावे. श्वास नीट चालू लागला की कुशीवर वळवा. मिठाचे पाणी टोचणे, दूध पाजणे, अंगावर गार पाणी ओतणे यांचा उपयोग नाही, उलट अपाय होतो.

नॅलोक्सोनचा असर सुमारे ३० ते ९० मिनिटे टिकतो. तो ओसरल्यावर श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून रोगी शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यावाच.

पोलिसांच्या भीतीने सोबती पळून जातात, घरचे लोक अब्रूपायी गप्प राहतात. तुमच्या घरी कोणी उपचार घेऊन परतणार असेल तर या खुणा आजच समजून घ्या आणि नॅलोक्सोनबद्दल डॉक्टरांना विचारा. व्यसन सुटायला वेळ लागतो. त्यासाठी माणूस आधी जगला पाहिजे.