आधी ‘पी’

मागच्या भागात टेक लाइव्ह या पानं जुळवण्याच्या साधनांच्या संचातून काय घ्यायचं ते ठरवलं; या वेळी ते संगणकावर चढवू. पांढरकवड्यातले, म्हणजे केळापूर तालुक्याच्या मुख्य गावातले, गणिताचे एखादे सर प्रश्नपत्रिका स्वतःच जुळवायला बसलेत असं धरू. वर्गमुळं, अपूर्णांक आणि मराठी मजकूर एका पानावर नीट बसवायला टेक लाइव्हमधल्या झीटेकसारखं दुसरं फुकट साधन नाही, असं माझं मत आहे. अडचण आकाराची आहे. टेक लाइव्हचा पूर्ण संच घेतला तर डिस्कवर सात-आठ जीबी जागा जाते, आणि तो हजारो छोट्या पॅकेजांच्या रूपात एकामागून एक उतरतो. तेवढ्या वेळात लाईट जाणार किंवा नेट तुटणार, हे गृहीतच धरावं.

पॅकेज पुन्हा उतरवता येतात. खरा वैताग असतो तो पुन्हा निवडण्याचा: कोणती योजना (म्हणजे किती मोठा संच), कोणत्या भाषा, कोणतं फोल्डर, कागद ए-४ की लेटर. म्हणून इन्स्टॉलरच्या मजकुरी मेन्यूत थेट ‘आय’ दाबून काम सुरू करण्याऐवजी ‘पी’ दाबा. तुमच्या सगळ्या निवडी एका प्रोफाइल फाइलमध्ये लिहिल्या जातात आणि इन्स्टॉलर बंद होतो. (विंडोजवर आपोआप चित्रमय इन्स्टॉलर उघडतो; हा मेन्यू हवा असेल तर ‘नो-गुई’ हा पर्याय देऊन सुरू करा.) ही फाइल साध्या मजकुराची असते, नोटपॅडमध्येही वाचता येते. एका ओळीत योजनेचं नाव, एका ओळीत फोल्डरचा पत्ता, आणि घेतलेल्या प्रत्येक संग्रहापुढे (म्हणजे पॅकेजांच्या गटापुढे) १. देवनागरीची जुनी पॅकेज ‘लँगअदर’ या संग्रहात असतात, तेव्हा ती ओळ आहे ना, एवढं बघून घ्या. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर टाका.

आता, आणि पुढे काम अडलं तरीही, इन्स्टॉलर ‘प्रोफाइल’ हा पर्याय आणि फाइलचं नाव देऊन सुरू करा. तो काही विचारत बसत नाही. प्रोफाइल न देता सुरू केला, तर कधी कधी अर्धवट सुटलेल्या कामाची खूण त्याला स्वतःलाच सापडते आणि तो विचारतो, आधीच्याच निवडींनी पुढे जाऊ का? इथे सावध राहा. कंसात लहान ‘वाय’ आणि मोठा ‘एन’ असतो. मोठं अक्षर म्हणजे न सांगता धरलेलं उत्तर. घाईत नुसतं एंटर दाबलं की ‘नाही’ झालं, आणि निवडी पहिल्यापासून.

नेट फारच लहरी असेल तर मी वेगळाच मार्ग सुचवेन. आधी सर्वांत लहानांपैकी एक, ‘बेसिक’ योजना बसवा. मग टीएलमॅनेजर या टेक लाइव्हच्या पॅकेज-व्यवस्थापकाकडून एकेक संग्रह मागवा. जे आधीच बसलंय ते तो पुन्हा आणत नाही, त्यामुळे मध्ये तुटलं तरी तोच आदेश परत द्यायचा. अद्ययावत करताना तुटलं, तर मात्र ‘रीइन्स्टॉल-फोर्सिब्ली-रिमूव्ह्ड’ हा लांबलचक पर्याय जोडावा लागतो. नाहीतर जुनं काढून नवं न बसलेलं पॅकेज तुम्हीच मुद्दाम काढलंय असं तो समजतो.

आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावरून कुणी नागपूरला जाणारं असेल, तर त्यांना टेक लाइव्हची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर आणायला सांगा. तीच प्रोफाइल त्या फाइलवरून बसवतानाही चालते. पण पुढच्या वर्षी ती जशीच्या तशी वापरू नका: फोल्डरच्या पत्त्यात सालाचा आकडा असतो, तो आधी बदला.

पुढच्या आठवड्यात फॉन्ट.