इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही

संध्याकाळी सदाशिव पेठेत, टिळक रस्त्यावर सिग्नल सुटतो. ॲक्सिलरेटर दाबताच ऑटोमॅटिक गाडीचं इंजिन ओरडतं, पण गाडी रेंगाळते. का?

दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे असलेल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच घडतं, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असतं. तेच तेल दाबाने गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या घट्ट धरतं. ते कमी झालं की पकड सुटते, चकत्या घासून तापतात. लालसर तेल तपकिरी पडतं, करपट वास येतो. 'डी'त टाकल्यावर गाडी क्षणभर थबकून धक्का देऊ लागली, तर त्याच आठवड्यात तेल तपासून घ्या.

एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाडीत मात्र साधाच क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबतं. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलली की तोच जळतो.