महाग गाडीला वेगळं नाव कशासाठी?

बजाज ऑटो १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ होतं. बच्छराज म्हणजे वर्ध्याचे शेठ बच्छराज. त्यांनी जमनालाल बजाज यांना नातू म्हणून दत्तक घेतलं होतं. पुढे कंपनी आकुर्डीत वाढली, तरी तिची नाळ आपल्या वर्ध्यातच आहे. म्हणून मोटारधंद्यातला एक मोठा प्रश्न समजून घेताना मला ही दुचाकींची कंपनीच हाताशी घ्यावीशी वाटते. प्रश्न असा: साध्या घरांसाठी गाड्या बनवणाऱ्या कंपनीने महाग गाड्यांसाठी वेगळा प्रीमियम ब्रँड काढावा का? म्हणजे वेगळं नाव, वेगळं चिन्ह आणि शक्यतो वेगळं दुकान. एकेक टप्पा घेऊ.

आधी जुनं नाव. ‘मारुती’ म्हटलं की आपल्याला चांगलं मायलेज, स्वस्त सुटे भाग आणि तालुक्याच्या गावीही सापडणारा मेकॅनिक आठवतो. हीच त्या नावाची पुण्याई. पण २०११ मध्ये मारुतीने ‘किझाशी’ ही सोळा लाखांच्या पुढची मोटार त्याच नावाने, त्याच शोरूममध्ये आणली. गाडीत खोट नव्हती, तरी ती खपली नाही. एवढे पैसे मोजणाऱ्याला दुसरं नाव हवं होतं. जे नाव स्वस्ताईमुळे घराघरात पोचतं, तेच वरच्या किमतीला आडवं येतं.

मग पहिला उपाय सुचतो तो वेगळ्या दाराचा. मारुतीने २०१५ मध्ये ‘नेक्सा’ शोरूम उघडली. नाव मारुती सुझुकीचंच राहिलं. बदलली ती जागा आणि वागणूक. इथली चूक लक्षात घेण्यासारखी आहे. नेक्साची पहिली गाडी ‘एस-क्रॉस’. काही महिन्यांतच, २०१६ च्या सुरुवातीला, तिच्या मोठ्या डिझेल इंजिनाच्या मॉडेलची किंमत सुमारे दोन लाखांनी उतरवावी लागली. शोरूम चकचकीत झाली म्हणून गिऱ्हाईक गाडीची किंमत जास्त मानत नाही. नेक्साचा जम बसला तो पुढे ‘बलेनो’सारख्या खिशाला झेपणाऱ्या गाड्यांमुळे.

दार पुरत नसेल तर नवं नाव. ते मिळवण्याच्या वाटा तीन: विकत घ्यायचं, शून्यातून उभं करायचं, नाहीतर कुणाशी भागीदारी करायची.

विकत घेण्याचं उदाहरण टाटांचं. २००८ मध्ये त्यांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतल्या आणि त्या गाड्यांवर टाटा हे नाव कुठेही लावलं नाही. अशा वेळी नाव लगेच मिळतं, पण त्याची जुनी दुखणीही पदरात पडतात.

शून्यातून उभं केलं ते टोयोटाने. १९८९ मध्ये अमेरिकेत ‘लेक्सस’ आली. तिच्या मुख्य मोटारीवर, एलएस ४०० वर, टोयोटाने कित्येक वर्षं आणि अब्जावधी रुपयांच्या घरातला पैसा घातला होता. त्याच वेळी ईएस २५० ही दुसरी गाडीही घाईने आणली. ती मुळात टोयोटाची कॅम्रीच, थोडी सजवलेली. लोकांनी एलएस डोक्यावर घेतली. ईएस २५० चं मूळ मात्र त्यांनी चटकन ओळखलं.

बजाजने तिसरी वाट धरली आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. २००७ मध्ये कंपनीने ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटारसायकल कंपनीत साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. जानेवारी २०१२ मध्ये चाकणला बनलेली केटीएमची ‘२०० ड्यूक’ बाजारात आली, दिल्लीत शोरूमची किंमत १ लाख १७ हजार. ती बजाजच्या नेहमीच्या दुकानात ठेवली नाही. महागड्या बाइकसाठी आधीच काढलेल्या ‘प्रोबायकिंग’ शोरूममधून विकली.

इथे सामायिक यंत्राचा मुद्दा येतो. दोन ब्रँडच्या गाड्या एकाच पायावर उभ्या करणं याला धंद्यात ‘प्लॅटफॉर्म शेअरिंग’ म्हणतात. त्याशिवाय खर्चाचा मेळ बसत नाही. ड्यूकच्या इंजिनाचा पाया घेऊन बजाजने त्याच वर्षी ‘पल्सर २०० एनएस’ आणली. पण पल्सरला कार्ब्युरेटर आणि तीन स्पार्क प्लग, ड्यूकला फ्युएल इंजेक्शन. पल्सरला एक कॅमशाफ्ट, ड्यूकला दोन. चालवताना फरक हाताला कळतो. एकच गाडी दोन बिल्ल्यांनी विकली असती तर दोन्ही नावं पडली असती.

यानंतरचा टप्पा सर्व्हिसचा, आणि बहुतेक कंपन्या इथेच घसरतात. लेक्सस आल्यावर थोड्याच महिन्यांत दोषाच्या तक्रारींवरून सुमारे आठ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने त्या मालकांच्या घरून नेल्या आणि दुरुस्त करून परत पोचवल्या. लेक्ससचं नाव तिथे पक्कं झालं. आता आपल्याकडचा विचार करा. आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या माणसाने महाग गाडी घेतली आणि तिचा एखादा सेन्सर बिघडला, तर कदाचित नागपूर गाठावं लागेल. वर्ध्याहूनच ते पाऊणशे किलोमीटर. ब्रँड वेगळा केला की सर्व्हिसही वेगळी होते, आणि जुन्या नावाचं तालुक्यापर्यंतचं जाळं या गिऱ्हाईकाच्या उपयोगी पडत नाही. यावर तोडगा आहे. २०२० मध्ये बजाजने विजेवरची चेतक आणली तेव्हा सुरुवातीला पुणे आणि बंगळूरच्या निवडक केटीएम डीलरांकडेच ती ठेवली. आधी सांभाळता येतील तेवढ्याच शहरांत विकायची आणि मग पसरायचं, ही पद्धत मला प्रामाणिक वाटते.

शेवटचा टप्पा धीराचा. जपानमध्ये, म्हणजे टोयोटाच्या घरच्या बाजारात, लेक्सस हे नाव २००५ पर्यंत नव्हतंच. निस्सानची ‘इन्फिनिटी’ही १९८९ चीच, २०२० मध्ये तिला पश्चिम युरोपातून गाशा गुंडाळावा लागला. भागीदारीतही जोखीम असते. २०२४ च्या अखेरीस केटीएम कर्जाने बुडू लागली, तेव्हा २०२५ मध्ये बजाजने सुमारे ८० कोटी युरोचा आधार उभा केला आणि कंपनीचा ताबा घेतला.

मग काढावा का वेगळा ब्रँड? माझं मत असं, की पंधरा-वीस वर्षं नफा न पाहता थांबायची तयारी आणि खरोखर वेगळी गाडी, दोन्ही असतील तरच. नसतील तर नेक्सासारखं दार पुरे. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून नव्या नावाच्या शोरूममध्ये जाल, तेव्हा किमतीआधी तीन गोष्टी विचारा: जवळचं सर्व्हिस सेंटर नेमकं कुठे आहे, सुटे भाग यायला किती दिवस लागतात, आणि उद्या हे नाव बंद झालं तर वॉरंटी कोण पाळणार. उत्तरं लेखी घ्या.