मेणवलीचा वाडा आणि ‘कलासंग्रह’ ही संज्ञा

वाईनजीक कृष्णाकाठी मेणवली येथे नाना फडणिसांचा (१७४२–१८००) वाडा आहे. पेशवाईतील मुत्सद्दी घराण्याचे निवासस्थान कसे असे, हे त्याच्या सहा चौकांतून आजही समजते. भित्तिचित्रे, नानांचा पलंग आणि विपुल कागदपत्रे यांमुळे या वाड्याच्या ‘कलासंग्रहा’चा उल्लेख होतो. ही संज्ञा सोयीची असली, तरी वाड्याच्या मूळ व्यवस्थेत ती बसत नाही.

पेशवेकालीन मराठीत वस्तूंची वर्गवारी मुख्यतः उपयोगावरून होत असे. मौल्यवान वस्त्रे जामदारखान्यात, शस्त्रे सिलेखान्यात, तंबू व बिछायती फरासखान्यात ठेवीत. ‘खाना’ या फारसी शब्दाचा अर्थच घर वा जागा असा आहे. साहजिकच वस्तूचे स्थान हीच तिची ओळख ठरे. खान्यांच्या या नामावळीत ‘कलावस्तू’ असा स्वतंत्र वर्ग नाही. मूर्ती देवघराची, बैठक दिवाणखान्याची, कागद दप्तराचे.

उपयोग बदलला की वर्गही बदले. मेणवलीच्या घाटावरील मेणेश्वराच्या देवळाजवळची घंटा याचे उत्तम उदाहरण होय. ती मूळची ख्रिस्ती मंदिरातील. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर मराठ्यांच्या हाती आली. तिच्यावर १७०७ हे साल असले, तरी येथे ती देवळाची घंटा झाली.

पुढे वस्तू पांगल्या, त्या मात्र निराळ्या तत्त्वाने. मेणवली दप्तरातील कागद इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी प्रकाशात आणले. त्यांचा संग्रह प्रथम सातारच्या संग्रहालयात व १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. जेम्स वेल्स याने रंगविलेले सवाई माधवराव व नाना यांचे प्रसिद्ध चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. अशा स्थलांतराने वस्तू सुरक्षित राहते, अभ्यासकास सुलभ होते. परंतु तिचे मूळ सान्निध्य सुटते.

भित्तिचित्रे तेवढी जागची हलली नाहीत. म्हणूनच ती सर्वांत मोलाची, आणि सर्वांत असुरक्षितही. ओल शिरून गिलावा सुटला, तर चित्राबरोबर त्याचा संदर्भही नष्ट होतो. यास्तव अशा वाड्यांची नोंद करताना चित्राचा विषय व काळ एवढ्यावर न थांबता चौक, दालन, भिंत व दिशा यांचीही नोंद व्हावयास हवी. सोपा, ओसरी, माजघर हे शब्द त्या नोंदीत केवळ अलंकार नव्हेत. वस्तूचा अर्थ उलगडणारी ती परिभाषाच होय.