काचेला धडकलेले पाखरू

आपल्या गावात काच कधी आली, आठवून पाहा. आजोबांच्या घराची खिडकी असायची हातभर. तिला लाकडी झडपा आणि लोखंडाचे गज. भिंती मातीच्या आणि वर कवेलू. काच म्हणाल तर कंदिलाची आणि आरशाची, एवढीच. आता तसे राहिले नाही. हिंगणा घ्या, काटोल घ्या, उमरेड घ्या. नागपूरच्या आजूबाजूला कुठेही स्लॅबचे घर उभे राहिले, की त्याला सरकत्या काचांची मोठी खिडकी बसते. शाळेला काच, दवाखान्याला काच, ग्रामपंचायतीलाही काच. नागपूर शहरात तर काही इमारती पायथ्यापासून माथ्यापर्यंत काचेच्याच आहेत.

काचेचे आम्ही वाईट बोलणार नाही. उजेड आत येतो आणि धूळ बाहेर राहते. पण पाखरांना काच कळत नाही. भरधाव उडत आलेले पाखरू काचेवर आदळते. धप्प असा आवाज होतो. बाहेर जाऊन पाहावे, तर ओट्यावर ते निपचित पडलेले असते.

अशा वेळी काय करावे, हे आज आपण समजून घेऊ. काम अवघड नाही. पण आपल्या हातून एक चूक फार होते, आणि ती चांगल्या मनाने होते. म्हणून तिच्याविषयी नीट बोलायला हवे.

आधी पाखरू धडकते का, ते पाहू. भिंतीवरच्या आरशाला चोची मारणारी चिमणी तुम्ही पाहिली असेल. मोटारसायकलच्या आरशावरही ती अशीच तुटून पडते. ती काही वेडी झालेली नसते. आरशातली चिमणी आपणच आहोत, हे तिला उमगत नाही. दुसरी चिमणी आपल्या जागेत घुसली असे समजून ती भांडते. खिडकीचेही तसेच आहे. बाहेर ऊन असते आणि खोलीत अंधार असतो. तेव्हा काचेत अंगणातला कडुलिंब दिसतो, आभाळ दिसते. पाखराला वाटते, तिकडे आणखी एक कडुलिंब आहे. त्यावर बसायला म्हणून ते सरळ निघते. काळी किंवा चकाकणारी काच असेल, तर कडुलिंब आणखी स्वच्छ दिसतो. आणि खोलीला समोरासमोर दोन खिडक्या असल्या, तर आरपार उजेड दिसतो. पाखराला वाटते, वाट मोकळी आहे.

अमेरिकेतले प्राध्यापक डॅनियल क्लेम यांनी १९७० नंतर कित्येक वर्षे याच गोष्टीचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की, काचेवर आदळलेल्या पाखरांपैकी जवळजवळ निम्मी मरतात. २०१४ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक अंदाज छापला. त्या एका देशात दरवर्षी ३६ कोटींपासून ९८ कोटींपर्यंत पाखरे इमारतींवर आदळून मरतात, असा तो अंदाज आहे. आकडा ऐकून डोके गरगरते. पण आपल्याला कोटींशी काय करायचे? आपल्या ओट्यावर पडलेले एक पाखरू जगले पाहिजे.

पाखरू पडले, की लोक म्हणतात, मान मोडली. बहुतेक वेळा मान मोडलेली नसते. मार डोक्याला लागलेला असतो. बैलगाडीवरून पडलेल्या माणसाला जशी भोवळ येते, तशी पाखराला येते. ते डोळे मिटते, पिसे फुलवते, चोच उघडी टाकून धापा टाकते. कधी डोक्याच्या आत रक्त साकळते. वरून मात्र काहीच दिसत नाही.

आता ती चूक. पाखरू पडलेले दिसले की आपण सारे गोळा होतो. पोट्टे धावत येतात. एक जण त्याला हातात घेतो. दुसरा म्हणतो, "पाणी पाजा न जी, पाणी! उन्हानं घेरी आली त्याले." मग कोणी चोच उघडतो आणि कोणी चमच्याने पाणी ओततो. तहानलेल्याला पाणी द्यावे, ही आपली जुनी रीत आहे आणि ती फार चांगली आहे. पण इथे तीच रीत घात करते. कसा, ते ऐका. पाखराच्या तोंडात जिभेच्या मुळाशी एक भोक असते. ते श्वासाच्या नळीचे तोंड. शुद्धीवर असलेले पाखरू पाणी पिताना ते भोक मिटून घेते. भोवळ आलेल्या पाखराला ते जमत नाही. आपण ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. पाखरू एकदा दचकते आणि मान टाकते. आपण म्हणतो, बिचाऱ्याचे आयुष्य तेवढेच होते. तसे नसते. ते काचेने मेलेले नसते, पाण्याने मेलेले असते.

म्हणून पाणी पाजू नका. दाणा, भात, दूध काहीच तोंडात घालू नका. बेशुद्ध पडलेल्या माणसालाही डॉक्टर पाणी पाजू देत नाहीत. कारण तेच आहे.

मग करावे काय? अंधार आणि शांतता द्यावी. हेच पाखराचे औषध.

पुठ्ठ्याचा एक खोका घ्या. बुटांचा असेल तरी लहान पाखराला पुरतो. झाकणाला सुईने किंवा खिळ्याने भोके पाडा. ती पाखरू आत ठेवण्याआधीच पाडावी, हे काही सांगायला नको. तळाशी जुने सुती फडके अंथरा. खोका नसेल तर दुरडी चालेल, वरून फडके बांधा. तारेचा पिंजरा मात्र नको. त्यात पाखरू फडफडते आणि त्याची पिसे मोडतात.

पाखराला उचलताना त्याच्या अंगावर हलके कापड टाका आणि कापडासकट दोन्ही हातांनी उचला. दाबून धरू नका. आपण पोटाच्या पडद्याने श्वास घेतो. पाखराला तो पडदा नसतो. त्याची छाती खालीवर होते तेव्हाच त्याला श्वास मिळतो. मुठीत आवळले, तर ते मुठीतच गुदमरते. घुबड किंवा शिकरा असला, तर जाड बारदान वापरा. त्यांचे पंजे माणसाच्या हातात खोल रुततात, मग ते जखमी असोत की नसोत.

खोका घराच्या शांत कोपऱ्यात ठेवा. मांजर, कुत्रे आणि मुले यांना तिथे जाऊ देऊ नका. मुलांना रागावू नका, त्यांना राखणीचे काम द्या. ते चांगले करतात. आमच्या नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. तेव्हा टिनाच्या छपराखाली किंवा उभ्या मोटारीत खोका ठेवला, तर पाखरू भाजून निघेल. कूलरचा वाराही थेट नको. थंडीच्या दिवसांत उलट करा. बाटलीत कोमट पाणी भरा, ती फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. जखमेवर तेल आणि हळद लावू नका. तेलाने पिसे चिकटतात आणि मग त्याला उडता येत नाही.

आणि झाकण सारखे उघडून पाहू नका. हे सर्वांत कठीण आहे, आम्हाला ठाऊक आहे. पाहिल्यावाचून राहवत नाही. पण पाखराला आपण म्हणजे कोण? मोठाले डोळे असलेले, त्याला खाणारे जनावर. प्रत्येक वेळी त्याची छाती भीतीने धडधडते.

तास-दोन तास जाऊ द्या. खोक्यात खुडबुड ऐकू येऊ लागली, की तो बाहेर न्या. झाडांच्या जवळ, पण काचेपासून लांब. जमिनीवर ठेवा, झाकण काढा आणि मागे सरा. हवेत उडवू नका. तयारी असेल तर ते आपले आपण उडेल. नाही उडाले, तर पुन्हा झाका आणि आणखी थोडा वेळ द्या. दिवस मावळला असेल तर रात्रभर राहू द्या. घुबड असेल तर त्याला रात्रीच सोडावे.

कोणी म्हणेल, "माणसाचा हात लागला की त्याची जात त्याला घेत नाही." ही समजूत खरी नाही. हात लागलेले पाखरू आपल्या थव्यात परत जाते, आपल्या पिलांनाही चारा घालते.

पण पंख लोंबत असेल, रक्त येत असेल, मान वाकडी झाली असेल, किंवा दोन-चार तासांनीही पाखरू उभे राहत नसेल, तर घरचे उपाय पुरे. मांजराने धरले असेल तर एक ओरखडाही धोक्याचा. अशा पाखराला डॉक्टर हवा. नागपूरकरांची यात सोय आहे. शहरात सेमिनरी हिल्स भागात वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा: रानातल्या जनावरांचा आणि पाखरांचा दवाखाना. तो २०१५ साली सुरू झाला. तिथे पशुवैद्य पाखराला तपासतात, औषधपाणी करतात आणि बरे झाल्यावर मोकळे सोडतात. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने कापलेली पाखरे तिथेच नेतात.

गाव लांब असेल तर १९२६ हा नंबर फिरवा. महाराष्ट्र वनखात्याचा हा फोन फुकट आहे. गावच्या वनरक्षकाला सांगितले तरी चालते. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातही विचारावे. मात्र पाखरू बरे झाले म्हणून ते पिंजऱ्यात पाळू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानातले पाखरू पकडून ठेवणे गुन्हा आहे.

पाखराला हात लावल्यावर हात साबणाने धुवा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने मेले. पाखरांचा हा रोग वाघालाही सोडत नाही. काचेला धडकलेले एखादे पाखरू म्हणजे रोग नव्हे, घाबरू नका. पण एकाच जागी पुष्कळ पाखरे मेलेली दिसली, तर त्यांना हात न लावता जनावरांच्या डॉक्टरांना कळवा.

आमच्याकडे काचेचा मार कोणाला बसतो? हरियलला बसू शकतो. हरियल हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबुतर वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर थव्याने येते आणि दचकले की बाणासारखे सुटते. समोर काच असली तर त्याला थांबायला वेळ नसतो. आणि दुसरा नवरंग. हे पाखरू एकदा पाहिले की विसरत नाही. मैनेएवढे अंग, शेपूट आखूड. पाठ हिरवी, पंखावर निळी चमक, शेपटीखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा. नवरंग हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढतो. पावसाळ्याच्या तोंडाशी तो अंडी घालायला आपल्या रानांत येतो, आणि हा प्रवास तो रात्री करतो. रात्री उडणारी पाखरे इमारतींच्या दिव्यांनी भांबावतात. थकलेला नवरंग मग घरात शिरतो, नाही तर काचेवर आपटतो. मे-जून महिन्यांत सकाळी ओट्यावर असे रंगीत पाखरू सापडले, तर ते कोणी पाळलेले नाही, पाहुणे आहे, हे ओळखा. त्याला सोडायचे ते दाट झुडपापाशी. तो जमिनीवरचा पालापाचोळा उलथून किडे खातो.

धडकच बसू नये म्हणूनही काही करता येते. काचेवर घारीचे एक चित्र चिकटवतात, त्याने काही होत नाही. पाखरू चित्राच्या बाजूने जाते आणि आदळते. खुणा साऱ्या काचेवर हव्यात, आणि बाहेरच्या अंगाने. आत पडदा लावला तरी बाहेरून काचेत झाड दिसतच राहते. चुन्याचे ठिपके द्या. दोन ठिपक्यांत तीन बोटांचे, म्हणजे सुमारे दोन इंचांचे अंतर ठेवा. जास्त नको. ठिपके आवडत नसतील तर वरून सुतळ्या लोंबत सोडा, चार-चार इंचांवर एक. सर्वांत बरी डासांची जाळी. ती बाहेरून ताणून बसवली की पाखरालाही मार नाही आणि आपल्यालाही डास नाहीत. पैसे एकदाच जातात.

उन्हाळ्यात आपण पाखरांसाठी पाण्याचे भांडे ठेवतो. ते खिडकीपासून दोन हातांच्या आत ठेवा, नाही तर वीस हात लांब ठेवा. दोन हातांवरून उडालेल्या पाखराला वेग आलेला नसतो, म्हणून लागले तरी थोडे लागते. मधले अंतर घातक. नवरंग येण्याच्या दिवसांत बाहेरचा दिवा रात्री मालवा, तेवढेच वीजबिलही कमी येईल. चुन्याच्या ठिपक्यांचे एकच आहे. पहिल्या जोराच्या पावसाने ते धुऊन जातात. मृगाचा पाऊस उघडला की पुन्हा द्यावे लागतात.