पिकअपचा श्वास : हवा किती येते, धूळ किती अडते?

फेब्रुवारी उजाडला की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या परिसरातील द्राक्षबागांतून पिकअप गाड्यांची वर्दळ वाढते. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची पोती उतरत असतात. तिकडे सातारा जिल्ह्यात स्ट्रॉबेरीच्या पेट्या घेऊन गाड्या पसरणीचा घाट उतरून वाईकडे येत असतात. या दोन्ही जिल्ह्यांतील कितीतरी घरांत पिकअप म्हणजे बँकेच्या कर्जावर उभा केलेला व्यवसायच असतो. अशा घरातील तरुणाने गाडीला ‘कोल्ड एअर इनटेक’ बसविण्याचा विषय काढला, की वडिलांच्या कपाळावर आठी उमटते. मुलाला घाटात गाडीची ओढ वाढवायची असते. वडिलांच्या डोळ्यांपुढे पुढील महिन्याचा हप्ता असतो. दोघांचेही म्हणणे वावगे नाही. म्हणूनच हा निर्णय हौसेने किंवा धाकाने न होता हिशेबाने व्हावा.

इंजिनात इंधन जळण्यासाठी हवा लागते, आणि थंड हवा उष्ण हवेपेक्षा दाट असते. आत जाणारी हवा ६० अंशांऐवजी ३५ अंशांची असेल, तर तेवढ्याच आकारमानात सुमारे ८ टक्के अधिक प्राणवायू मावतो. इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, बाहेरची हवा रुंद व गुळगुळीत नळीतून आणावयाची, हे या जोडणीचे तत्त्व. तत्त्व म्हणून ते निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो माल वाहणाऱ्या डिझेल गाडीला त्याचा लाभ किती, हा.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. आजच्या बहुतेक गाड्यांत मूळची नळीच बॉनेटखालील उष्णतेपासून दूर, बाहेरची हवा घेईल अशी मांडलेली असते. दुसरे असे, की डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः किती इंधन फवारले जाते यावर ठरते. पेट्रोल इंजिनात हवा वाढली की इंधनही त्या प्रमाणात वाढते. डिझेलमध्ये हवा बहुधा गरजेपेक्षा अधिकच असते आणि इंधनाचे माप गाडीतील संगणक ठरवितो. ते माप तेच राहिले, तर केवळ नळी बदलून ओढ फारशी वाढत नाही. आवाज मात्र वाढतो, आणि वाढलेला आवाज पुष्कळदा वाढलेली शक्ती वाटतो.

घाटात गाडी दमते, त्याचे एक कारण उंची हेही आहे. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी विरळ असते. ही तूट भरून काढण्याचे काम टर्बोचे; नळीचे नव्हे. त्याहून मोठे कारण पुष्कळदा हौद्यात असते : परवानगीपेक्षा अधिक भरलेला माल.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू पाहू. अडीच लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर चालले, तर टर्बोने दाबून भरलेली वाढीव हवा न धरताही ते मिनिटाला सुमारे २५०० लिटर हवा ओढते. तासाला हा आकडा दीड लाख लिटरवर जातो. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या तालुक्यांतील कच्च्या रस्त्यांवर या हवेबरोबर बारीक मातीही येते. तिच्यातील वाळूचे कण सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासतात. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यांनाही झिजवितात.

म्हणून फिल्टर निवडताना ‘किती धूळ अडते’ यापेक्षा ‘किती सुटते’ हे पाहावे. एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवितो, दुसरा ९९ टक्के. ऐकताना फरक अर्ध्या टक्क्याचा वाटतो. परंतु पहिल्यातून अर्धा टक्का धूळ आत जाते आणि दुसऱ्यातून एक टक्का. म्हणजे इंजिनात जाणारी धूळ दुप्पट झाली. घरात पाणी गाळताना वस्त्रातून पाणी किती झरझर उतरते याचे कौतुक कोणी करीत नाही. गाळ वर राहिला की नाही, हे पाहिले जाते. इंजिनालाही तोच न्याय लावावा.

तरीही इनटेक घ्यावयाचाच असेल, तर विक्रेत्याला काही प्रश्न अवश्य विचारावेत. फिल्टरची ‘आयएसओ ५०११’ या मानकानुसार चाचणी झाली आहे काय, आणि तिचे आकडे दाखविता येतील काय? फिल्टर बंद पेटीत आहे, की बॉनेटखाली उघडा? उघडा शंकू इंजिनाचीच गरम हवा ओढतो. मग ‘कोल्ड’ हे केवळ नाव उरते. फिल्टर तेल लावलेल्या सुती जाळीचा आहे, की कोरडा? सुती जाळी धुऊन पुन्हा वापरता येते. पण तेल जास्त झाले, तर ते हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर बसून त्याचे माप चुकवू शकते. धूळभरल्या वाटेवर रोज राबणाऱ्या गाडीला बंद पेटीतील कोरडा फिल्टर अधिक निर्धोक.

नळीचे तोंड कोठे येते, हेही पाहावे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली होती. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. थंड हवेसाठी नळीचे तोंड बंपरपाशी खाली नेले, तर साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी आत ओढले जाऊ शकते. पाणी दाबले जात नाही. पिस्टनला जोडलेला दांडाच वाकतो. मग दुरुस्तीचा खर्च इनटेकच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

कागदपत्रांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याबाहेरील फेरफारासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक फेरफारास ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मूळ पेटीत बसणारा त्याच मापाचा फिल्टर बदलणे हा देखभालीचा भाग. संपूर्ण जोडणी बदलणे ही निराळी गोष्ट. ती करण्यापूर्वी परिवहन कार्यालय, विमा कंपनी आणि हमी देणारा विक्रेता यांचे म्हणणे लेखी घ्यावे. तोंडी होकार दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

हौसेसाठी घेतलेल्या हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या गाडीचा मालक हे सर्व पाहून खर्च करील, तर तो त्याचा आनंद. पोटापाण्याच्या गाडीने आधी स्वस्त उपाय करावेत. कागदी फिल्टर वेळेवर बदलावा. कॉम्प्रेसरच्या जोरदार झोताने तो फुंकू नये, कारण कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात. नळ्यांच्या पकडी घट्ट आहेत ना, टायरमध्ये हवा पुरेशी आहे ना, इंजेक्टर तपासले आहेत ना, हे पाहावे. माल नोंदणी प्रमाणपत्रात लिहिला असेल तेवढाच भरावा.

एवढे करून पिता-पुत्रांनी भरलेल्या गाडीत एकत्र बसून एकदा घाट चढून पाहावा. बहुतेक वेळा इनटेकचा विषय तेथेच निकाली निघेल, आणि वाचलेली रक्कम पुढील हप्त्याला उपयोगी पडेल.