प्रयोगशाळेतील तालीम
रक्ताच्या नळीच्या बुचाचा रंग कोणता, हा प्रश्न बाहेरच्या माणसास क्षुल्लक वाटेल. परंतु जांभळ्या बुचाच्या नळीतील ईडीटीए हे द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे रक्त गोठत नाही खरे, पण त्याच नळीतील रक्तावर कॅल्शियमची तपासणी केल्यास निष्कर्ष खोटा निघतो, हे ज्या विद्यार्थ्यास उमगले नाही त्याच्या हाती महागडे यंत्र देणे व्यर्थ होय.

नव्या औषधांच्या चाचण्यांची तालीम याहून कठोर: रुग्णास समजेल अशा भाषेत त्याची संमती आधी घेऊन ती दप्तरी दाखल करावी लागते, आणि चाचणीची राष्ट्रीय नोंदणी आपल्याकडे २००९ पासून सक्तीची आहे. चुकीची नोंद खोडून नाहीशी न करता एका रेघेने छेदून शेजारी दुरुस्ती, तारीख व सही करावी, हा नियम मला साऱ्या अभ्यासक्रमाचा गाभा वाटतो.